उजवीकडे ओढणारी गाडी

सूतभरचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, कारण सहानंतर रस्ता त्याचा राहत नसे. गोदामांच्या मागे एक सरळसोट रस्ता होता. सहा वाजले की त्यावर ट्रकांची रांग लागायची. त्याआधी मात्र तो इतका मोकळा असे, की मधोमध अंथरूण घातलं तरी कुणी उठवायला आलं नसतं. त्या रस्त्यावर गाडी न्यायची, वेग धरायचा, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलायचे आणि गाडी कुठे जाते ते पाहायचं. सरळ गेली तर काम संपलं. नाही गेली तर घरी यायचं, पाना हातात घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

त्या बुधवारी गाडी उजवीकडे गेली. मंगळवारीही उजवीकडेच गेली होती.

शेजारच्या सीटवर बेकरीवाला बसला होता. गाडी त्याची. भट्टीवरून तसाच उठून आला होता, भुवयांवर मैदा होता.

"मी काही बोललो नाही हं," तो म्हणाला.

"बोलू नकोस."

"नाही, मी म्हणतो, रोज एकाच बाजूला जाते. बेभरवशाची नाही."

सूतभरने हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले आणि गाडी घराकडे वळवली. "रविवारपर्यंत नाकासमोर चालेल," तो म्हणाला.

"कुणाच्या? माझं नाक आधीच वाकडं आहे."

सूतभर हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार-गवंड्यांचं माप. मोठ्या गॅरेजात कामाला असताना कुणीही काही बसवून दाखवलं, की हा एक डोळा मिटून म्हणायचा, "सूतभर डावीकडे आहे." म्हणायचा आणि तसं असायचंही. नाव चिकटलं. पुढे पुढे बायकोच्या माहेरचेही त्याच नावाने त्याची चौकशी करू लागले.

गॅरेजात त्याचं काम शॉकअपचं आणि चाकांचं. चाक खड्ड्यात आदळलं की स्प्रिंग उड्या मारायला बघते. ती उडी गिळायचं काम शॉकअपचं. साध्या गाडीचा शॉकअप बंद डब्यासारखा असतो, बिघडला की भंगारात. पण शर्यतीच्या, जोरात पळवायच्या गाड्यांचे शॉकअप उघडता येतात. आतलं तेल बदलावं, रबराच्या कड्या बदलाव्यात, गॅस भरावा, पुन्हा नव्यासारखे. सूतभरला जगात आवडणारं काम हे एवढंच. आणि गॅरेजच्या मालकाने नेमकं हेच बंद केलं. "उघडायचं नाही, बदलायचं. उघडण्यात दिवस जातो, बदलण्यात तास." सूतभरने वाद घातला. दोन-तीनदा घातला. मग हत्यारं पेटीत भरली आणि घरी आला.

त्याला आता वर्ष झालं होतं. घराला लागून पत्र्याची शेड होती, तिथे त्याने दुकान मांडलं. खालचा कोबा बायकोच्या थोरल्या भावाने घालून दिला, तो गवंडी होता म्हणून. सिमेंटची अशी गुळगुळीत जमीन, की पाठ टेकून गाडीखाली सरकताना कुठे खरचटत नसे. पण गिऱ्हाईक यायचं ते आसपासच्या साध्या गाड्यांचं. चाकांची तोंडं सरळ करून द्या, म्हणजे चाकं नेमकी समोर बघतील, एवढंच त्यांचं म्हणणं. हा दोऱ्या बांधून, पट्टीने मोजून चाकांची तोंडं सरळ करून देई आणि त्या गाड्या मुकाट्याने सरळ जात. उघडता येईल असा शॉकअप वर्षभरात कुणी आणला नाही. पेटीतल्या त्या खास पान्यांना तो महिन्यातून एकदा तेलाचं बोट लावून परत ठेवायचा.

आणि मग बेकरीवाला आला. सुट्टीच्या दिवशी डोंगररस्त्यावर गाड्या पळवणाऱ्या मंडळींत हा एक. जुनी पण चपळ गाडी, चारही शॉकअप पाझरत होते. रविवारी शर्यत होती. "नीट झाली तर आमची सगळी टोळी तुझ्याकडे येईल," तो म्हणाला होता. "सगळ्यांचे शॉकअप रडतायत, आणि तुझा जुना मालक सगळ्यांना नवेच घ्यायला सांगतो."

नेमका त्याच आठवड्यात मालकाचाही फोन आला. सूतभरच्या जागी घेतलेला माणूस सोडून चालला होता. "एक तारखेला ये. जागा तुझीच. अट तेवढी माहीत आहे ना?" अट माहीत होती. उघडायचं नाही.

एक तारीख सोमवारी होती. शर्यत तिच्या आदल्या दिवशी. नवरा-बायकोचं ठरलं, की बेकरीवाल्याची गाडी जमली तर शेड चालू ठेवायची. नाही जमली तर सोमवारी डबा घेऊन गॅरेजात. बायको एवढंच म्हणाली, "मला दोन्ही चालेल. पण तुम्ही तिकडे गेलात तर रोज संध्याकाळी इथे येऊन कुरकुरायचं नाही."

म्हणजे गाडी उजवीकडे ओढते याचा अर्थ एवढा मोठा होता.

शॉकअपचं काम त्याने जीव ओतून केलं होतं. जुनी पांढरी चादर टेबलावर अंथरली. पंखा बंद. दरवाजा बंद, धूळ नको. शॉकअपच्या पोटात दांड्यावर पातळ पोलादी चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, काही तर नखाहून पातळ. त्यांचा क्रम चुकला की शॉकअप एकतर दगड होतो नाहीतर गादी. त्याने प्रत्येक शॉकअपच्या चकत्या निघतील त्या क्रमाने तारेत ओवल्या. पुसल्या, पुन्हा त्याच क्रमाने घातल्या. तेल ओतून दांडा इतक्या हळू वरखाली केला की आतला शेवटचा बुडबुडा कंटाळून बाहेर यावा. मग चारही शॉकअप सायकलला बांधून गावाच्या दुसऱ्या टोकाला गॅस भरून आणले.

ते बसवल्यावर चाकांचं मोजमाप. इथे साध्या गाडीपेक्षा एक काम जास्तीचं होतं. जोरात पळणाऱ्या गाडीची चाकं वरून थोडी आत झुकलेली ठेवतात, म्हणजे वळणावर पकड सुटत नाही. साध्या गाडीत ती झुक जन्माची ठरलेली असते. या गाडीत ती बदलता येत होती, आणि शॉकअप काढले की आधीची झुक जातेच. नवी बसवावी लागते. सूतभरने त्यासाठी मेव्हण्याचा ओळंबा मागून आणला. चाकाशेजारी ओळंबा सोडायचा, दोरीपासून चाकाची वरची कड किती लांब, खालची किती लांब, ते पट्टीने मोजायचं. गॅरेजात हे सगळं मशीन करायचं. इथे ओळंबा, पट्टी आणि डोळा.

आणि बायको. कारण रिकाम्या गाडीचं माप घ्यायचं नाही, हा त्याचा जुना नेम. माणूस बसला की गाडी दबते, दबली की चाकं हलतात. म्हणून वर्षभर शेडमध्ये आलेल्या प्रत्येक गाडीत चालवणाऱ्याच्या जागी बायकोला बसावं लागे. ती शर्टांना बटणं लावायचं काम घरी आणायची. शर्टांचा गठ्ठा घेऊन गाडीत बसायची.

बेकरीवाल्याच्या बाबतीत अडचण वेगळी होती. त्याच्या वजनाला बायको पुरत नव्हती. त्याने हसत हसत मैद्याचं एक पोतं पाठवून दिलं. "मी म्हणजे वहिनी अधिक हे."

"हलू नकोस," चाकाशी उकिडवा बसलेला सूतभर म्हणाला.

"श्वास घेऊ?" पोत्याला कवटाळून बसलेल्या बायकोने विचारलं.

"घे. पण दोन्ही बाजूंनी सारखा."

"एवढ्या गाड्यांत बसले," ती सुई ओवत म्हणाली, "पण एक तरी गाडी मला घेऊन फाटकाबाहेर गेली असेल तर शपथ."

त्याने डावं चाक लावलं, उजवं लावलं. झुक बदलली की चाकाचं तोंड फिरतं, म्हणून तोंड पुन्हा लावलं. गाडी मागेपुढे ढकलली, चारही कोपऱ्यांवर दाबून हलवली, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी बसतील. पुन्हा मोजलं. डावं आणि उजवं, दोन्हींची झुक इतकी सारखी आली की पट्टीवरच्या रेघेतही फरक पडेना.

आणि मंगळवारी गाडी उजवीकडे गेली.

मंगळवारी त्याने पुढचे दोन टायर आपसात बदलले. कधी कधी खोड टायरमध्ये असते. टायरमध्ये असती तर बुधवारी गाडी डावीकडे ओढली असती. नाही ओढली. बुधवारी दिवसभर त्याने पहिल्यापासून माप घेतलं. दोऱ्या सोडून पुन्हा बांधल्या. ओळंबा दुसऱ्या खिळ्याला टांगून पाहिला. बायकोला सकाळी बसवलं, दुपारी बसवलं. मापं तीच. सूतभरही फरक नाही. जितकं बारीक मोजावं तितकं बरोबर, आणि रस्त्यावर तितकंच चूक.

गुरुवारी पहाटे पुन्हा उजवीकडे. बेकरीवाला त्या दिवशी काही विनोद करायला गेला नाही. उतरताना म्हणाला, "हे बघ, नाहीच जमलं तर रविवारी मी नुसता बघायला जाईन." हे त्याने चांगुलपणाने म्हटलं, म्हणूनच जास्त लागलं.

शॉकअपमुळे गाडी एका बाजूला ओढत नाही, हे सूतभरला माहीत होतं. पण सगळे शहाणपणाचे उपाय संपले की माणूस माहीत असलेल्या गोष्टीवरही शंका घेतो. त्याने उजवा पुढचा शॉकअप पुन्हा काढला. चादर अंथरली, पंखा बंद केला. तो उघडत असतानाच मालकाचा फोन आला.

"काय रे, परसात बसून शॉकअप सोलतोस म्हणे?"

"काम चाललंय."

"गाडी उजवीकडे पळते असं ऐकलं. बेकरीत बातमी पावाबरोबर मिळते हल्ली." मालक हसला. "सोमवारचं काय? दुसरा माणूस दारात उभा आहे."

"रविवारी सांगतो."

"सांग. इथे मशीन आहे, बाबा. बटण दाबायचं."

सूतभरने फोन ठेवला आणि शॉकअप उघडला. आत सगळं ठाकठीक होतं. चकत्या क्रमाने. तेल स्वच्छ. बुडबुडा नाही. दोष सापडला असता तर त्याला आनंद झाला असता. दोष नसल्याचा राग कुणावर काढायचा तेच कळत नाही. शेवटची उरलेली रबरी कडी घालून त्याने शॉकअप बंद केला, सायकल काढली, भर उन्हात पुन्हा दुसऱ्या टोकाला गेला.

गॅस भरणाऱ्याने विचारलं, "नुकताच भरला होता ना?"

"हो."

"गळला?"

"नाही."

"मग?"

सूतभरने घाम पुसला. माणसाने किती काम केलं ते घामावरून मोजू नये, चुकीच्या कामालाही घाम तेवढाच येतो.

घरी येऊन शॉकअप बसवला, दोऱ्या बांधल्या, बायकोला हाक मारली. ती गठ्ठा घेऊन आली, पोत्याशेजारी बसली. ओळंबा लावून सूतभर बराच वेळ चाकाकडे बघत राहिला. मापं पुन्हा तीच. मग त्याची नजर हळूहळू वर गेली.

"तू रेलून बसतेस," तो म्हणाला.

"काय?"

"बटणं लावताना उजवीकडे रेलतेस. मी पाहिलंय."

बायकोने सुई शर्टात खोचून ठेवली. "म्हणजे ही गाडी माझ्यामुळे उजवीकडे जाते?"

"मी तसं नाही म्हटलं."

"मग कसं म्हटलंत? वर्षभर तुमच्या गाड्यांमध्ये दगडासारखी बसते. नाक खाजलं तरी विचारून खाजवते. आणि आता मी रेलते?" ती उतरली. गठ्ठा काखेत मारला. तिच्या कपड्यांची एक बाजू मैद्याने पांढरी झाली होती. "मैद्यालाच बसवा दोन्हीकडे. तो रेलत नाही आणि ऐकूनही घेतो."

शुक्रवारी सूतभर पहाटे उठला, पण रस्त्यावर गेला नाही. काय बघायचं होतं तिथे? शेडमध्ये स्टुलावर बसून गाडीकडे बघत राहिला. सोमवारी घालायचा गॅरेजचा जुना डगला कुठे ठेवला असेल, असंही एकदा मनात येऊन गेलं.

नऊच्या सुमारास मेव्हणा आला. बरोबर एक लाँड्रीवाल्या बाई होत्या. त्यांना धुण्याच्या जागेत कोबा घालून घ्यायचा होता आणि गवंड्याने त्यांना नमुना दाखवायला आणलं होतं.

"जावईबापू, जरा सरका. बाईंना आपलं काम दाखवायचंय."

"दादा, आज नको. गाडी उभी आहे, दोऱ्या बांधल्यात."

"गाडी असू दे की. पाणी गाडीखालून जातं का नाही, तेच तर बघायचंय." आणि सूतभर उठेपर्यंत गवंड्याने नळाखालची भरलेली बादली उचलून गाडीच्या उजव्या पुढच्या चाकाशी भडाभडा ओतलीसुद्धा.

सूतभरच्या तोंडात शिवी आली होती. दोऱ्या भिजल्या, खाली ठेवलेले पाने भिजले. पण शिवी तोंडातच राहिली. पाणी उजव्या चाकाला धडकलं, दोन्ही बाजूंनी वळसा घालून इंजिनखाली शिरलं, तिथे जराही न रेंगाळता डाव्या चाकाकडे गेलं, आणि तिथून मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या मोरीत गुडगुड करत उतरलं.

"बघा," गवंडी हाताची घडी घालून म्हणाला. "थेंब नाही थांबला."

"न सांगता जातं हो," बाई म्हणाल्या.

सूतभरने आधी पाण्याच्या ओल्या वाटेकडे पाहिलं, मग चाकाशेजारी टांगलेल्या ओळंब्याकडे. मग नळावरून तांब्या भरून आणला आणि उजव्या चाकाशी पुन्हा ओतला. वाकून बघत राहिला.

"जावयालाही पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं," गवंडी बाईंना म्हणाला.

ओळंबा सरळच होता. ओळंबा कधी वाकडा नसतो. जमीन कललेली होती, जमिनीवर गाडी कललेली होती, आणि तो कललेल्या गाडीची चाकं सरळ ओळंब्याला जुळवत होता. सपाट रस्त्यावर गेलं की डावं चाक भलतंच आत झुकलेलं आणि उजवं जवळजवळ उभं. कमी झुकलेल्या चाकाकडे गाडी ओढते, हे तर तो स्वतः नव्या पोरांना शिकवायचा. साध्या गाड्यांत नुसती चाकांची तोंडं लावायची असत, तीही दोरीवरून, ओळंब्याशिवाय. त्यांना जमीन कललेली असो की नसो, फरक पडत नसे. म्हणून वर्षभर कळलं नाही. आणि गॅरेजात मशीनखालची जमीन कुणी, कधी, कशी सपाट केली, हे विचारायची त्याच्यावर वेळच आली नव्हती.

लाँड्रीवाल्या बाई काम ठरवून गेल्या. त्या फाटकाबाहेर पडताच सूतभरने तोंड उघडलं.

"एवढा उतार कशाला दिलात?"

"कशाला म्हणजे?" गवंडी चकित झाला. "तुम्हीच सांगितलंत."

"मी सांगितलं?"

"इथेच उभे होतात. म्हणालात, गॅरेजात सबंध आयुष्य तेलापाण्यात पाय कुजवले. माझ्या जागेत थेंब थांबला तर स्वतःला गवंडी म्हणवून घेऊ नका. हे शब्द. मी थापीने हात दुखेपर्यंत उतार ओढला, आणि तेव्हा तुम्ही बादली ओतून बघितलीत, आणि म्हणालात, वा."

सूतभरला ते सगळं आठवलं. 'वा'सुद्धा आठवलं.

"काढून टाका तो उतार," तो म्हणाला.

"कोबा काय चादर आहे झटकून सरळ करायला? माझा कोबा फुटणार नाही."

भांडण ऐकून बायको दारात आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "म्हणजे मी सरळ बसले होते?"

"हो."

"मोठ्याने सांगा. दादालाही ऐकू दे."

"सरळ बसली होतीस," सूतभर म्हणाला. "ओळंब्यासारखी."

मग गवंडी आपल्या हातगाडीवरून पारदर्शक नळी घेऊन आला. नळीत पाणी भरलं, एक टोक उजव्या पुढच्या चाकाशी सूतभरने धरलं, दुसरं एकेका चाकाशी गवंड्याने. दोन्ही टोकांतलं पाणी सारख्या उंचीवर राहतं. बाकीची जमीन किती खाली आहे ते त्यावरून कळतं. डावी बाजू दोन बोटं खाली होती, मागचा कोपरा त्याहून खाली. गवंड्याने फरशीचे तुकडे आणले, कुठे एक, कुठे दोन, कुठे खाली सिमेंटच्या पत्र्याची चकती सारून. गाडी जॅकवर उचलायची, तुकडे सारायचे, नळी लावायची, उतरवायची, दाबायची, पुन्हा नळी. एक चाक बरोबर झालं की दुसरं रुसायचं. दोघं एकमेकांवर खेकसत होते.

"अजून जरा."

"जरा म्हणजे किती, सूतभर?"

"सूतभर."

"मी तुमचं नाव नाही विचारलं."

संध्याकाळपर्यंत चारही चाकं एका पातळीवर आली. आता ओळंबा लावला, आणि त्याने खरं ते दाखवलं. डावं चाक लाजल्यासारखं आत वाकलेलं, उजवं ताठ. सूतभरने दोन्ही पुन्हा लावली. बायको पोत्याशेजारी बसली होती, बटणं न लावता, दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर बघत. मुद्दाम.

शनिवारी बेकरीत कामाचा डोंगर असतो, बेकरीवाला येऊ शकला नाही. पहाटे साडेचारला सूतभरने बायकोला उठवलं.

"चल. शेजारच्या सीटवर वजन लागेल."

"मैदा न्या."

"गाडी कुठे जाते ते मैद्याला कसं कळणार?"

ती उठली. वर्षभरात पहिल्यांदा ती ज्या गाडीत बसली ती गाडी फाटकाबाहेर गेली. गोदामांच्या मागे रस्ता मोकळा होता. सूतभरने वेग धरला आणि दोन्ही हात वर उचलले.

"अहो! धरा की ते!"

"थांब."

"काय थांब? धरा!"

त्याने धरलं नाही. रस्त्याच्या मधली पांढरी रेघ गाडीच्या नाकाखाली शिरत होती आणि तिथेच शिरत राहिली. पहिलं गोदाम गेलं, दुसरं गेलं. बायकोने डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्या गोदामाशी तिने एक डोळा उघडला.

"सूतभर डावीकडे आहे," तो पुटपुटला.

"गप्प बसा," ती म्हणाली. "आणि आता तरी धरा."

रविवारी बेकरीवाला पाचवा आला. त्याआधी तो सहसा शेवटचा किंवा शेवटून दुसरा यायचा. "गाडी नाकासमोर चालते," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, "पण आता वळणावर ती घाबरत नाही, मीच घाबरतो. आधी तिच्यावर ढकलता यायचं." सगळी टोळी काही आली नाही. तिघे आले. एकाचे शॉकअप खरंच रडत होते, दुसऱ्याची चाकं लावायची होती, तिसरा नुसताच बघून गेला. सूतभरने रविवारी रात्री मालकाला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. मालक म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

फरशीचे तुकडे घसरायचे, प्रत्येक गाडीला नव्याने रचावे लागायचे. शेवटी गवंड्याने तोडगा काढला. कोबा फोडायचा नाही. चाकं येतात तिथे चार चौकोनी ओटे घालायचे, चारही नळीने एका पातळीत, आणि त्यांच्यामधून पाणी जाईल अशी वाट ठेवायची. ओटे जवळ-दूर करायची सोय नाही, म्हणून लहान-मोठ्या गाड्यांच्या हिशोबाने ते लांबट केले. काम झाल्यावर त्याने हात धुतले आणि मजुरी सांगितली.

"दादा, घरचे आहात," सूतभर म्हणाला.

"पहिला कोबा बहिणीसाठी घातला, तो फुकट. हे तुमच्या धंद्यासाठी आहेत." त्याने सांगितली त्याहून एक पैसा कमी घेतला नाही. मजुरी देऊन उरलेल्या पैशांतून सूतभरने जाड कापड आणि वाळू आणली. बायकोने चार मजबूत पिशव्या शिवल्या, दोन मिळून बरोबर एक माणूस, आणि शिवणावळ रोख मागून घेतली. आता ती गाडीत बसत नाही. घरात बसून बटणं लावते, हवं तिकडे रेलून. मैद्याचं पोतं बेकरीत परत गेलं.

बेकरीवाल्याने दिलेली मजुरी, शॉकअप उघडून मिळालेली त्याची पहिली कमाई, अशी बहुतेक सगळी जमिनीत गेली. सकाळी शेड धुताना पाणी चारही ओट्यांना वळसा घालतं आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात उतरतं. थेंब थांबत नाही.